कारखान्याच्या चिमणीला आलेला बाक

डिसेंबरच्या सुरुवातीला मी संभाजीनगरच्या एका दुकानातून दोन कॅमेरे तीन दिवसांच्या भाड्याने आणले. दोन्ही इतके महागडे की त्यांच्या बॅगा एसटीच्या रॅकवर ठेवायची माझी हिंमत झाली नाही. अंबड येईपर्यंत एक मांडीवर आणि एक दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसले होते. त्यांतला एक मला विकत घ्यायचा होता. कोणता, हे ठरवण्यात वर्ष गेलं होतं.

मी अंबडच्या शाळेत भूगोल शिकवते. फोटोचं वेड मला उशिरा लागलं, चाळिशीनंतर, मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा. लग्नाचे, बारशाचे फोटो मी काढत नाही. मला मोकळं रान लागतं. नांगरलेली काळी जमीन, मोसंबीच्या बागांच्या रांगा, गोदावरीच्या पात्रात उघडे पडलेले खडक. सुट्टीत कुठे प्रवासाला गेलो की मी सगळ्यांच्या आधी उठून ट्रायपॉड घेऊन बाहेर पडते. अकरा वर्षं वापरलेला माझा जुना कॅमेरा दिवाळीच्या आधी बंद पडला. जूनमध्ये आम्ही पाच शिक्षिका स्पितीला जाणार होतो. तिथे नवा कॅमेरा न्यायचा, हे पक्कं होतं.

भाड्याने आणलेल्यांपैकी एक होता मिडियम फॉरमॅटचा. त्याचा सेन्सर मोठा, त्यामुळे फोटो इतका बारीक तपशिलाचा येतो की सावलीतल्या ढेकळाचे कंगोरेसुद्धा मोजता येतात. पण तो जड, सावकाश चालणारा, आणि त्याच्या लेन्सही जड. दुसरा फुल फ्रेमचा, आकाराने लहान, चपळ, वाटेल त्या लेन्स मिळणारा. सेन्सर मात्र त्या मोठ्याइतका नाही. घरात आम्ही त्यांना मोठा आणि लहाना असंच म्हणायला लागलो. माझं मन मोठ्याकडे होतं. माझी पाठ लहान्याकडे होती.

पाठीचं दुखणं दोन वर्षांचं होतं. जुना कॅमेरा, तीन लेन्स आणि ट्रायपॉड खांद्यावर घेऊन बांधाबांधाने हिंडायचं म्हणजे कधीतरी ते होणारच होतं. माझे पती एसटीत ड्रायव्हर आहेत. घरात मी त्यांना नावाने हाक मारत नाही, म्हणून इथेही 'हे' एवढंच म्हणते. ह्यांचीही पाठ स्टिअरिंगवर बसून धरते. मंठ्याच्या रस्त्यावर एका गावात स्टँडजवळ एक म्हातारा माणूस पाठदुखीच्या पुड्या देतो. ह्यांनी गणपतीच्या सुमारास त्या माझ्यासाठी आणल्या. सकाळी एक पुडी पाण्यासोबत घ्यायची. तिसऱ्या दिवशी माझी पाठ दुखायची थांबली. मी खूश झाले. हे त्याहून खूश झाले. तेव्हापासून महिन्याच्या पुड्या न चुकता घरात येत होत्या, आणि अशा पाठीला मोठा कॅमेराही झेपेल असं मला वाटायला लागलं होतं.

पहिल्या दिवशी मी मोठा कॅमेरा घेऊन एकटीच अंकुशनगरला गेले. तिथल्या साखर कारखान्याचं गाळप जोरात सुरू होतं. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा वास. शेताच्या कडेला ट्रायपॉड लावला. समोर तोडणी झालेलं रान, त्यामागे उभा ऊस, त्यामागे कारखान्याची चिमणी आणि तिच्यातून निघून पूर्वेकडे जाणारा धूर. मी व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या खिडकीला, उजवा डोळा लावला.

चिमणीला मध्यावर बाक आलेला होता. एखादी काठी पाण्यात धरल्यावर जशी मोडल्यासारखी दिसते, तशी. शिवाय ती थोडी बारीकही दिसत होती.

मी डोळा काढला. चिमणी सरळ. डोळा लावला. वाकडी. फोटो काढून मागच्या पडद्यावर बघितला, तर त्यात सरळ. म्हणजे लेन्स ठीक होती, फोटो ठीक होता, फक्त व्ह्यूफाइंडर बिघडलेला होता. एवढ्या नामांकित वस्तूचा. मला धक्काच बसला. ज्या कॅमेऱ्याची वर्षभर स्वप्नं बघितली, त्याच्यातून पहिल्यांदा बघावं आणि समोरचं जग वाकडं दिसावं. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"हा कॅमेरा पडलेला आहे," मी म्हटलं.

"मॅडम, बिलकुल नाही. काल मी स्वतः तपासून दिला."

"मग व्ह्यूफाइंडरमध्ये चिमणी वाकडी का दिसते?"

दुकानदार पन्नाशीचा माणूस. फिल्मच्या काळापासून कॅमेरे दुरुस्त करत आलेला. त्याने शांतपणे विचारलं, "चष्म्याचा नंबर जुळवायची बारीक चकती आहे बाजूला, ती फिरवून बघितली का?"

मी फिरवली. चिमणी धूसर झाली, स्पष्ट झाली, पण सरळ झाली नाही. मी त्याला म्हटलं, की गिऱ्हाईक बाई आहे, गावाकडची आहे, तिला काय कळतंय, असं समजून तुम्ही पडलेला माल माझ्या गळ्यात मारला. तो म्हणाला, "तुम्ही आणा मॅडम परत. बघू." मी फोन ठेवला. माझं बोलणं मला तेव्हा बरोबर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी लहान कॅमेरा घेऊन मी त्याच जागी गेले. तुलना करायची तर जागा तीच हवी, उजेड तोच हवा. ह्या खेपेला मला उसाच्या बुडख्यांच्या उंचीवरून फोटो हवा होता, म्हणून ट्रायपॉड अगदी खाली घेतला आणि मागचा पडदा उघडून वरूनच बघितलं. चिमणी ताठ उभी. मी चाळीसेक फोटो काढले. सगळं चोख. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "लहानाच घेते. मोठा नुसता नावाचा मोठा."

हे म्हणाले, "बरं झालं. वजन बी कमी हाय."

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. दिवाळीपासून माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर सारखा डाग पडायचा. पिवळसर, चहाच्या थेंबासारखा. वर्गात, स्वयंपाकघरात, पेपर तपासताना मी दिवसातून दहा वेळा पदराने काच पुसत होते. पुसली की दोन मिनिटं मी तो विसरायची. मग परत दिसायचा.

तिसऱ्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. आम्ही दोघं आमच्या छोट्या गाडीतून शहागडला गेलो. गोदावरीचा पूल दोन्ही कॅमेऱ्यांतून टिपायचा आणि मग दुपारी संभाजीनगरला जाऊन कॅमेरे परत करायचे, असा बेत होता. सकाळचे दहा वाजून गेले होते. ऊन इतकं पडलं होतं की मागच्या पडद्यावर काही दिसेना. म्हणून मी लहान्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला.

पुलाचे खांब वाकडे होते.

मी कॅमेरा गळ्यातून काढला आणि ह्यांच्या हातात दिला. "जरा बघा हो ह्यातून. पुलाचे खांब कसे दिसतात?"

ह्यांनी बघितलं. "सरळ तर दिसून राह्यलेत."

"नीट बघा. मधला."

"मधला बी सरळ हाय."

मी बॅगेतून मोठा काढला, चालू केला, तोही ह्यांना दिला. ह्यांनी तो डोळ्याला लावला, पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. मग खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. चेहरा बदलला होता. पण आवाज नेहमीचाच ठेवला होता. पुढे गाडीसमोर काही आलं तर मागच्या प्रवाशांना कळू नये, तसा.

"चष्मा काढ," हे म्हणाले. "आता डावा डोळा हातानं झाक. दाबू नको, नुसता झाक. आमच्या डेपोत दरवर्षी असंच बघतेत. आता पुलाकडं बघ."

मी डावा डोळा झाकला. व्ह्यूफाइंडर नव्हता, लेन्स नव्हती, चष्मा नव्हता. माझ्या आणि पुलाच्या मध्ये फक्त हवा होती. मधल्या खांबाला बाक होता.

"काय दिसून राह्यलं?"

मी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. कान दिसत होते, केस दिसत होते, शर्टाची कॉलर दिसत होती. मध्ये जिथे नाक, डोळे असायला हवेत, तिथे चहाच्या रंगाचा एक गोल होता, आणि त्याच्या कडांना चेहरा आत ओढल्यासारखा झाला होता. एकतीस वर्षं बघत आलेला चेहरा. मी हात बदलला, उजवा झाकला. चेहरा जागच्या जागी आला. परत बदलला. परत गेला.

मी खाली बसले. वाळूत, साडीचा विचार न करता. डोकं विचित्र चाललं होतं. आठवत होते ते कालचे-परवाचे फोटो. दिवाळीपासून मी एका डोळ्याने जग वाकडं बघत होते आणि मला कळलंही नव्हतं, कारण दुसरा डोळा सगळं सावरून घेत होता. आणि मी एका परक्या माणसाला फोनवर खोटारडा ठरवलं होतं.

ह्यांनी दोन्ही कॅमेरे बॅगांत ठेवले. चेन लावल्या. झाकणं जागच्या जागी बसलीत का ते तपासलं. मग म्हणाले, "ऊठ. जालन्याला जायचं. आत्ताच."

"कॅमेरे परत करायचेत आज."

"कॅमेरे ऱ्हाऊ दे. जल्दी बस गाडीत."

जालन्यात डोळ्यांच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, तासभर बसवलं, मग एका यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली. यंत्र डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतं. तो त्यांनी संगणकावर आम्हाला दाखवला. मला त्यात टेकडी दिसली. खरंच, थरांचा उभा छेद मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते तसाच तो होता. एकावर एक थर, आणि मधोमध एक थर फुगून वर आलेला, खाली काळी पोकळी.

"हे पाणी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पडद्याच्या मागे साठलंय. बरोबर मध्यभागी, जिथून आपण बारीक बघतो. म्हणून रेषा वाकड्या दिसतात."

मी विचारलं, "डोळा जाईल का?"

"बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तीन-चार महिने लागतात. पण आधी मला कारण शोधू दे. तुम्ही स्टिरॉइड घेता का? दम्याचा पंप, त्वचेचं मलम, सांधेदुखीची औषधं?"

"नाही," मी म्हटलं. "औषध असं काहीच नाही."

शेजारी बसलेले हे एकदम म्हणाले, "पुड्या."

डॉक्टरांनी मान वर केली. ह्यांनी सगळं सांगितलं. कुठून आणतात, किती दिवसांपासून, रोज किती, स्वतःही घेतात ते. सांगताना हे माझ्याकडे बघत नव्हते. ह्यांच्या पाकिटात एक पुडी होती, ती काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडली, बघितली, परत मिटली.

"तपासल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तीन दिवसांत पाठदुखी थांबली म्हणता, आणि तीन महिन्यांत हे झालं. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं. पुड्या एकदम बंद करायच्या नाहीत हं. मी फिजिशियनकडे चिठ्ठी देते, ते हळूहळू कमी करतील. आणि तुम्हीही घेता ना? तुमचीही तपासणी करून घ्या."

हे उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी आयुष्यात ह्यांना डॉक्टर बोलत असताना असं उठून जाताना बघितलेलं नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा हे गाडीच्या बॉनेटवर हात टेकवून उभे होते.

"मी आणल्या," हे म्हणाले. "मी हातानं आणून दिल्या तुला."

माझ्या पाठीचं दुखणं कमी व्हावं म्हणून त्या आल्या होत्या. मी मोठा कॅमेरा उचलू शकावं म्हणून. मी ह्यांच्या दंडाला धरलं आणि आम्ही तसेच थोडा वेळ उन्हात उभे राहिलो.

दोन दिवसांनी ह्यांची मंठ्याची फेरी होती. पुड्यांच्या माणसाच्या गावात गाडी थांबली, तेव्हा हे खाली उतरले. मला वाटलं होतं भांडण करून येतील. संध्याकाळी हे घरी आले. जेवताना सांगितलं.

"त्याला म्हणलं, काका, ह्याच्यात काय टाकता? तर म्हणला, मला काय माहीत सायेब, तयार पाकिटं येतेत, मी नुसत्या पुड्या बांधतो. मी बी तीच खातो. आन् त्यानं खिशातून काढून दाखवली."

"मग?"

"मंग काय. त्याचं तोंड सुजलेलं हाय, पाय सुजलेले हायेत. मी रोज बघतो त्याला. मला वाटायचं म्हातारपण हाय." ताट बाजूला सारून हे म्हणाले, "त्याला दवाखान्याची चिठ्ठी देऊन आलो. जाईल का न्हाई, माहीत न्हाई."

तो गेला की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. जानेवारीत त्याची जागा रिकामी दिसायला लागली.

फिजिशियनने माझा डोस महिनाभरात उतरवला. पाठ परत धरली, पहिल्यापेक्षा जास्त. ह्यांची रक्तातली साखर वाढलेली निघाली. हे कधीमधीच घ्यायचे, तरी. डेपोला कळवावं लागलं आणि दोन आठवडे ह्यांना स्टिअरिंगवर बसता आलं नाही. डॉक्टरांनी मला चौकटी आखलेला एक कागद दिला होता, मध्ये काळा ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा कुठे वाकतात ते बघायचं. मी तो फ्रिजवर चिकटवला. जानेवारीभर रेषा तशाच वाकड्या. फेब्रुवारीत एका सकाळी वरच्या दोन सरळ दिसल्या. मी ह्यांना हाक मारली आणि हे दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आले, जणू त्यांनाही त्या दिसणार होत्या.

मार्चअखेर काढलेल्या डोळ्याच्या फोटोत टेकडी बसली होती. पाणी गेलं होतं. "मध्यभागी किंचित फिकटपणा राहील," डॉक्टर म्हणाल्या. "रंग त्या डोळ्याने थोडे मळकट दिसतील. सवय होईल."

कॅमेरे आम्ही डिसेंबरातच, एक दिवस उशिरा, परत केले होते. आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांत थेंब टाकलेले, ऊन सोसत नव्हतं, म्हणून मी गाडीतच बसून राहिले आणि बॅगा ह्यांनी दुकानात नेऊन दिल्या. खरं कारण थेंब नव्हतं. त्या माणसासमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. एप्रिलमध्ये मात्र मी स्वतः गेले. आधी माफी मागितली, मग काय घडलं ते सांगितलं. त्याने मध्ये एकदाही टोकलं नाही.

"तो कॅमेरा परत आल्या आल्या मी उघडून बघितला," तो म्हणाला. "मलाच शंका आली होती, मॅडम. एवढं ठामपणे बोललात तुम्ही. तीस वर्षांत व्ह्यूफाइंडर वाकडा झालेला मी बघितलेला नाही, तरी उघडला." मग त्याने तो चौकटींचा कागद मागितला, एक झेरॉक्स काढून घेतली आणि काउंटरच्या काचेखाली सरकवली.

त्याने दोन्ही कॅमेरे परत समोर ठेवले. मी घरून डिसेंबरचे फोटो मोठ्या कागदावर छापून नेले होते. डाव्या डोळ्याने बघितलं. मोठा कॅमेरा चांगला आहे, यात शंका नाही. तोडणी झालेल्या रानातल्या सावलीत त्याने जे टिपलं होतं, ते लहान्याला जमलं नव्हतं. उजव्या डोळ्याने बघितलं, तर दोन्ही छापे मला सारखेच मळकट. मी बॅग उचलून खांद्याला लावली. दुकानातून रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. पाठीने काय ते सांगितलं.

लहाना घेतला. त्याचा पडदा हवा तसा फिरतो, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं, हे मी कारण म्हणून सांगते. ते खरंही आहे. पण मोठा हातातून खाली ठेवण्याआधी मी त्यातून आणखी एकदा, डाव्या डोळ्याने, बघून घेतलं, तेही सांगायला हवं.

जूनमध्ये स्पितीला गेले. पहाटेच्या थंडीत हात आपोआप कॅमेरा उजव्या डोळ्याकडे न्यायचे आणि मी तो डावीकडे आणायची. डावा डोळा लावला की नाक मागच्या पडद्यावर दाबलं जातं, श्वासाने काच धुरकटते. सहा दिवसांत त्याचीही थोडी सवय झाली. परत आल्यावर ह्यांनी सगळे फोटो एकेक करून बघितले. बर्फाचे डोंगर, निळं आकाश, दगडांच्या वाड्या, सगळं. एका फोटोवर थांबले. उघड्या डोंगराच्या कडेवरून गेलेली कच्च्या रस्त्याची बारीक रेघ होती.

"इथून बस जाती?" ह्यांनी विचारलं.

"जाते."

"वळणावर समोरून दुसरी आली तर?"

"एक मागे घेते."

हे फोटोकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोण हाकीत आसल त्याची पाठ बघायला पाह्यजे."